आग्र्याचा राजवाडा आणि मराठी लेखन : ‘भेट’ व ‘सुटका’ यांच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

दिनांक १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या किल्ल्यात शिवाजी महाराज आणि औरंगजेब समोरासमोर आले. मराठी माणसाच्या इतिहासस्मृतीत या प्रसंगाला असाधारण स्थान आहे. बखर, पोवाडा, नाटक, कादंबरी, चरित्र, पाठ्यपुस्तक आणि चित्रपट अशा बहुतेक सर्व माध्यमांतून तो पुन्हापुन्हा सांगितला गेला. बारामती, इंदापूर, सुपे हा परिसर भोसल्यांच्या जहागिरीचा असल्याने जळोचीसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही ही कथा शाळेच्या इयत्तेपूर्वी घरातच ऐकावयास मिळते. मात्र जो राजवाडा या प्रसंगाचे स्थळ आहे, त्याचे मराठी लेखनातील स्थान कोणते, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. त्या वास्तूची रचना, तिच्यातील दालनांचा क्रम, कोणी कोठे उभे राहावयाचे याचे नियम आणि पडद्याआडचे जग यांचा विचार केल्याशिवाय दरबारात काय घडले याचा पूर्ण अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात या प्रसंगाविषयीचे काही प्रमुख लेखन स्थळाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ऐतिहासिक घटनेचा निवाडा करणे हा लेखाचा हेतू नाही. मराठी लेखनाने राजवाड्याकडे कसे पाहिले आणि त्यातून कोणता अर्थ हाती लागला वा निसटला, याची चिकित्सा करणे एवढाच मर्यादित हेतू येथे आहे.

१. ‘भेट’ की ‘सुटका’

कोणत्याही घटनेला समाज जे नाव देतो त्यात त्या समाजाची दृष्टी दिसते. १६६६ च्या प्रसंगाला मराठीत रूढ झालेले नाव ‘आग्र्याहून सुटका’ असे आहे. वि. ह. औंधकर यांच्या नाटकाचे शीर्षकही हेच होते. महाराष्ट्रातील चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात या प्रकरणाला ‘बादशाहाच्या हातावर तुरी’ असे शीर्षक मिळाले. दोन्ही शीर्षकांत प्रसंगाचा शेवट पुढे आणलेला आहे. जदुनाथ सरकार व रघुवीरसिंह यांनी संपादित केलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात मात्र ‘शिवाजीची औरंगजेबाशी आग्रा येथील भेट’ असा आशय आहे. एकाच घटनेला एकीकडे ‘सुटका’ आणि दुसरीकडे ‘भेट’ म्हटले जाते, तेव्हा हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

‘सुटका’ हा शब्द केंद्रस्थानी ठेवला की कथानकाचा भार आपोआप पेटाऱ्यांवर, वेषांतरावर, पलंगावर पांघरूण घेऊन पडलेल्या हिरोजीवर आणि परतीच्या वाटेवर जातो. मग दरबार ही अपमानाची पूर्वपीठिका ठरते आणि राजवाडा हा नाटकातील मागचा पडदा होतो. पडद्यावर कमानी रंगवलेल्या असल्या म्हणजे पुरे. त्या कमानी कोणत्या दालनाच्या आहेत हे कोणी विचारत नाही. वस्तुतः महाराज पुढे ज्या मुक्कामावरून निसटले तो मुक्काम किल्ल्यात नव्हता. शहराबाहेर कुमार रामसिंहाच्या निवासाजवळ त्यांची छावणी होती आणि पहारा बसला तो तेथे. तरीही अनेक वाचकांच्या आणि पर्यटकांच्या मनात महाराज किल्ल्यातील एखाद्या कोठडीत कैद होते आणि तेथूनच पेटारे बाहेर पडले, असे चित्र पक्के झालेले आढळते. एका शब्दाने दोन भिन्न स्थळे एकमेकांत मिसळून टाकली, असे येथे म्हणावे लागते.

२. राजवाड्याची रचना व तिचा अर्थ

आग्र्याचा तांबड्या दगडाचा किल्ला अकबराने १५६५ पासून उभारला. शहाजहानने त्यातील यमुनेकडील अनेक वास्तू पाडून तेथे संगमरवरी महाल बांधले. आज पाहुणा अमरसिंह दरवाजाने आत शिरतो, कारण मूळचा मानाचा दिल्ली दरवाजा लष्कराच्या ताब्यातील भागात आहे. त्यामुळे आजचा पाहुणा वास्तूकडे जातो तो मूळ क्रमाने जात नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

या वास्तूचे तत्त्व बाहेरून आत जाण्याचे आहे. आधी मोठे प्रांगण आणि त्याच्या कडेला दिवाण-ए-आम. हे दालन तीन बाजूंनी उघडे असून ओळीने उभ्या खांबांवर पेललेले आहे. दगड तांबडाच, परंतु त्यावर शुभ्र गिलावा चढवून त्याला संगमरवराची कांती दिली आहे. मागच्या भिंतीत उंचावर बादशहाच्या बैठकीचा कोनाडा आहे. खाली उभा असलेला मनुष्य मान वर करूनच तिकडे पाहू शकतो. त्याच्या मागे मच्छी भवनाचा चौक आणि त्यापलीकडे, वरच्या मजल्याच्या पातळीवर, नदीकाठी दिवाण-ए-खास आहे. शहाजहानच्या काळी, १६३५ च्या सुमारास बांधलेले हे दालन आकाराने पुष्कळच लहान आहे. त्याला लागून मुसम्मन बुर्ज, शीश महाल, खास महाल आणि अंगुरी बाग असा बादशहाच्या खाजगी वास्तव्याचा भाग सुरू होतो. सारांश, जितके आत जावे तितकी माणसे कमी, जागा लहान, दगड मौल्यवान आणि बादशहा जवळ.

मोगल दरबारात दर्जा हा अंतराने मोजला जाई. तख्तापासून कोण किती पावलांवर, कोणत्या कठड्याच्या आत आणि कोणाच्या पाठीमागे उभा आहे, यावरून त्याची किंमत ठरे. बसण्याचा अधिकार बादशहाचा. अगदी जवळच्या शहजाद्यांना तो कृपा म्हणून मिळे. इतरांनी हात बांधून, नजर खाली ठेवून उभे राहावयाचे. म्हणजे हे दालन ही एक भाषा होती आणि प्रत्येक उमराव त्या भाषेतील एक शब्द होता. ही भाषा समजल्याशिवाय १२ मेच्या दिवशी ती कोणी व कशी मोडली हे कळणार नाही.

आणखी एक गोष्ट मराठी लेखनात क्वचितच ठळकपणे येते. ज्या वास्तूत हा वाढदिवसाचा दरबार भरला, तीच वास्तू १६५८ पासून शहाजहानचा तुरुंग होती. जानेवारी १६६६ मध्ये शहाजहान तेथेच वारला आणि त्यानंतर औरंगजेबाने आग्र्यात येऊन दरबार भरवला. महाराजांनी पाऊल टाकले त्या राजवाड्यात पित्याच्या कैदेला आणि मृत्यूला जेमतेम चार महिने लोटले होते. ज्याने स्वतःच्या बापाला या भिंतींत कोंडले, त्याच्या अभयवचनावर मांडलिक राजाने किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न वास्तूच विचारत होती. हा संदर्भ जोडला की पुढे महाराजांनी दाखवलेली सावधगिरी केवळ चातुर्याची गोष्ट राहत नाही, तर स्थळ वाचण्याची शक्ती ठरते.

३. सभासदाची बखर : दिल्ली आणि कट्यार

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे, १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, आग्र्यापासून फार दूर, दक्षिणेतील एका वेढलेल्या किल्ल्यात हे लेखन झाले. सभासद ही भेट दिल्लीस झाल्याचे सांगतो. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे आणि अभ्यासकांनी ती दाखवून दिली आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ही चूक बोलकी आहे. मराठी भाषेत ‘दिल्ली’ हे केवळ शहराचे नाव नव्हते. ते सत्तेचे नाव होते. बादशहा जेथे असेल तेथे दिल्ली, असा तो व्यवहार. सभासदाला वास्तू दाखवावयाची नव्हती, तर पातशाही दाखवावयाची होती. म्हणून त्याच्या लेखनात खांब नाहीत, चौक नाहीत, नदी नाही. तख्त आहे, त्याभोवती शस्त्रसज्ज माणसे आहेत आणि स्वतः बादशहाही सावध होऊन बसलेला आहे. अफजलखानाचा प्रसंग ठाऊक असल्यामुळे बादशहा महाराजांना भितो, हे सभासदाला सांगावयाचे आहे आणि ते त्याने थोडक्या शब्दांत परिणामकारकपणे सांगितले आहे.

सभासदाच्या कथनातील कळस कट्यारीच्या मागणीचा आहे. पुढे जसवंतसिंह उभा आहे हे कळल्यावर महाराज संतापतात आणि रामसिंहाजवळ कट्यार मागतात. बखरकाराच्या रसदृष्टीला हे शोभून दिसते. अपमान झाला, तर वीराचा हात शस्त्राकडे जावयाचाच. परंतु या रंगामुळे प्रसंगाचा दुसरा अर्थ मागे पडतो. कट्यार हे रणांगणाचे उत्तर आहे; ते कोठेही देता येते. दरबाराचा अपमान दरबाराच्याच भाषेत परतवणे ही त्याहून वेगळी आणि अधिक अवघड गोष्ट होय. ती सभासदाच्या चित्रणात येत नाही, कारण त्याने दालनच उभे केलेले नाही.

असे असले तरी सभासदाला दोष देऊन भागणार नाही. तो राजवाडा पाहण्यासाठी लिहीत नव्हता. जिंजीत अडकलेल्या राजाला त्याच्या पित्याचा पराक्रम सांगणे हे त्याचे काम होते. बादशहाच्या विळख्यातून मराठा राजा सुटू शकतो, हे त्या घडीला ऐकण्याची गरज होती. या दृष्टीने पाहिले असता ‘सुटके’वरील भर हा जिंजीच्या परिस्थितीतून आलेला आहे. प्रश्न असा की, ती परिस्थिती संपल्यावरही मराठी लेखन त्याच चौकटीत का राहिले?

४. जयपूरची पत्रे : दालनाचे पुनर्दर्शन

जयपूर दरबारच्या दप्तरातील राजस्थानी पत्रे उजेडात आल्यानंतर या प्रसंगाचे चित्र बदलले. परकालदास या सेवकाने कल्याणदासास लिहिलेली ही पत्रे घटनेच्या दिवसांतील आहेत. जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्राच्या आरंभीच्या आवृत्तीत भेटीचे स्थळ दिवाण-ए-आम मानले होते. पत्रांच्या आधारे पुढे त्यांना हे चित्र बदलावे लागले. साधन मिळताच स्वतःचे लिहिलेले दुरुस्त करणे हा इतिहासलेखनातील मोठा गुण होय आणि तो येथे नोंदवणे उचित ठरेल.

या पत्रांतून दिसणारा क्रम असा आहे. महाराजांना सामोरे जाण्याची जबाबदारी कुमार रामसिंह व मुखलिसखान यांच्याकडे होती. मुन्शी गिरधरलाल महाराजांना एका वाटेने घेऊन आला, रामसिंह दुसऱ्या वाटेने गेला आणि चुकामूक झाली. या घोळात वेळ गेला. महाराज किल्ल्यात पोहोचले तेव्हा दिवाण-ए-आममधील दरबार आटोपून बादशहा दिवाण-ए-खासमध्ये जाऊन बसला होता. बक्षी असदखानाने त्यांना पुढे नेले. त्यांनी नजर व निसार अर्पण केली. बादशहाने ना स्वागताचा शब्द काढला, ना काही विचारपूस केली. महाराजांना मागे नेऊन मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले. वाढदिवसाचे विडे वाटले, त्यात त्यांनाही विडा मिळाला. नंतर खिलती दिल्या गेल्या त्या शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला. महाराजांचे डोळे संतापाने भरून आले. रामसिंह जवळ येताच त्यांनी त्याला खडसावले, तख्ताकडे पाठ फिरवली, चालू लागले आणि एका बाजूस जाऊन बसले. समजूत घालण्यासाठी उमराव पाठवले गेले, खिलत देऊ केली गेली; महाराजांनी ती नाकारली.

येथे कट्यार नाही. येथे आहे पाठ फिरवणे आणि बसणे. वर सांगितलेली दालनाची भाषा ध्यानात घेतली, तर या दोन साध्या कृतींचे वजन कळते. जेथे बादशहासमोरून निघतानाही पाठ दाखवावयाची नसते, तेथे पाठ फिरवली गेली. जेथे बसण्याचा अधिकार बादशहाकडून मिळतो, तेथे न विचारता बसणे झाले. ज्या वस्त्राने मनुष्य बादशहाचा होतो, ते वस्त्र घेण्यास नकार दिला गेला. रांगेतील ज्या जागी उभे केले ती जागा लहान आहे, एवढीच ही तक्रार नव्हती. जागा ठरवण्याचा अधिकारच येथे नाकारला गेला. हे उत्तर दरबाराला कळेल अशाच भाषेत होते, म्हणूनच ते दरबाराला असह्य झाले.

दालनाच्या आकाराचाही येथे विचार करावयास हवा. दिवाण-ए-आमच्या विस्तीर्ण गर्दीत असा प्रकार घडला असता, तर दूरच्या अनेकांना तो दिसलाही नसता. दिवाण-ए-खास लहान, तेथे मोजके आणि श्रेष्ठ लोक. त्यामुळे जे घडले ते साम्राज्यातील पहिल्या प्रतीच्या माणसांच्या देखत आणि बादशहाच्या नजरेच्या टप्प्यात घडले. उशीर झाल्यामुळे भेटीचे दालन बदलले आणि दालन बदलल्यामुळे कृतीची तीव्रता वाढली. ‘स्थळ कोणते’ हा प्रश्न किरकोळ तपशिलाचा नाही, तो असा.

अर्थात या पत्रांचाही एक पक्ष आहे. लिहिणारा जयपूर घराण्याचा सेवक आहे आणि स्वागतातील घोळाचे खापर रामसिंहावर फुटू नये, ही इच्छा त्याच्या मनात असणे स्वाभाविक आहे. बादशाही बाजूचा ‘आलमगीरनामा’ दरबारी शिस्तीतून बोलतो, तर सभासद स्वामिनिष्ठेतून. तिन्ही साधनांना बाजू आहे. तरीही तत्कालीन पत्राचा एक विशेष असा की, त्याच्या लेखकाला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. त्यामुळे त्याच्या वाक्यांवर ‘सुटके’ची सावली पडलेली नाही. त्याने पाहिली वा ऐकली ती भेट होती.

५. ‘गुसलखाना’ हा शब्द आणि कवींची साक्ष

मोगल व्यवहारात दिवाण-ए-खासला ‘गुसलखाना’ असेही म्हणत. अकबराच्या काळी स्नानगृहाजवळच्या खोलीत निवडक लोकांशी मसलत होत असे, त्यावरून हे नाव पडले आणि पुढे खास दरबाराच्या दालनालाच ते चिकटले. कवी भूषणाच्या १६७३ च्या ‘शिवराजभूषण’मध्ये या प्रसंगाच्या संदर्भात गुसलखान्याचा उल्लेख येतो. हा शब्द आज वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्याचा अर्थ ‘न्हाणीघर’ असा वाटतो आणि कवीने काहीतरी अतिशयोक्ती वा थट्टा केली असावी, असा त्याचा समज होतो. वस्तुतः येथे कवी स्थळाच्या बाबतीत बखरकारापेक्षा अधिक अचूक आहे. अलंकारशास्त्राच्या चौकटीत लिहिणाऱ्या कवीकडे इतिहासाचा तपशील शोधू नये, असे सामान्यतः मानले जाते; या एका शब्दाने त्या समजुतीस अपवाद दाखवला आहे. साधनांची प्रतवारी वाङ्मयप्रकारावरून आधीच ठरवून टाकणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते.

याउलट उदाहरण कवींद्र परमानंदाचे आहे. परमानंद महाराजांबरोबर आग्र्यास होता, याचा उल्लेख जयपूरच्या पत्रांत येतो. म्हणजे मराठी पक्षाकडील एक समर्थ साहित्यिक प्रत्यक्ष त्या नगरात हजर होता. परंतु त्याचे संस्कृत ‘शिवभारत’ आग्र्याच्या प्रसंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तुटते. ज्याने पाहिले त्याचे लेखन उपलब्ध नाही आणि ज्यांचे लेखन उपलब्ध आहे त्यांनी पाहिले नाही, ही मराठी परंपरेची या प्रसंगापुरती अडचण आहे. पुढील मराठी लेखनातील राजवाडा ऐकीव आणि धूसर राहिला, याचे एक कारण येथे सापडते.

६. पडद्याआडचा भाग

राजवाड्याचा सर्वांत आतील भाग म्हणजे जनाना. या भागाविषयी लोककथेने एक गोष्ट रचली. शहजादी जेबुन्निसेने जाळीआडून महाराजांना पाहिले आणि ती मोहित झाली, अशी ती गोष्ट. तिला तत्कालीन साधनांचा आधार नाही. तरीही ती टिकली, कारण राजवाडा म्हटला की जाळी, पडदा आणि प्रेमकथा ही सांगड लोकरंजनाने पक्की करून ठेवली आहे.

साधनांत मात्र या भागातून वेगळाच आवाज ऐकू येतो. महाराजांविरुद्ध बादशहाचे मन कठोर करणाऱ्यांत जहाँआरा बेगमेचे नाव येते. सुरत बंदराचे उत्पन्न तिच्याकडे होते आणि सुरत १६६४ च्या जानेवारीत लुटली गेली होती. तिच्याच जोडीला जाफरखानाच्या घरातून शायिस्ताखानाच्या अपमानाचे दुःख बोलत होते. जहाँआरा ही शहाजहानबरोबर त्याच किल्ल्यात शेवटपर्यंत राहिलेली, पित्याची सेवा केलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर औरंगजेबाकडून पुन्हा मानाला चढलेली स्त्री. तिचा विरोध हा हिशेबाचा आणि राजकारणाचा होता. लोककथेने या स्त्रियांना मोहित होणाऱ्या प्रेक्षक केले, तर साधनांनी त्यांना मत असणाऱ्या, तक्रार करणाऱ्या आणि बादशहाला ऐकावयास लावणाऱ्या व्यक्ती म्हणून दाखवले. मराठी कादंबरीला येथे मोठे क्षेत्र उपलब्ध होते. शौर्यकथेच्या घाईत ते बव्हंशी पडीक राहिले, असे खेदाने नमूद करावे लागते.

७. आधुनिक लेखन आणि आजचा पाहुणा

विसाव्या शतकात मराठी वाचकाला या प्रसंगाची गोडी प्रामुख्याने दोन ग्रंथांनी लावली : बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘राजा शिवछत्रपती’ आणि रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’. पहिल्याचे बळ वाणीच्या ओघात, दुसरीचे बळ नायकाच्या मनात शिरण्यात. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना हा मराठी समीक्षेतील महत्त्वाचा लेख मानला जातो. चमत्काराचे वलय दूर करून शिवाजी महाराजांकडे त्यांच्या काळाच्या संदर्भात पाहण्याचा आग्रह तीत आहे. हा आग्रह आग्र्याच्या प्रसंगाला लावला, तर काळाबरोबर स्थळाचाही संदर्भ मागावा लागतो. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठीत आणून या कामाची वाट सोपी केली होती. ना. सं. इनामदारांनी ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेबाला नायकत्व देऊन तख्ताच्या बाजूने पाहण्याचे धाडस दाखवले. दरबाराकडे तख्ताच्या बाजूनेही पाहता येते, हे मराठी वाचकाला मान्य होऊ शकते, याचा तो पुरावा होय.

लेखनातील हा प्रश्न आता पर्यटनातही दिसू लागला आहे. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि महाराष्ट्रातून जाणारी प्रत्येक सहल तेथे थांबते. आत गेल्यावर मराठी पाहुण्याचा एकच प्रश्न असतो : ‘महाराज कोठे उभे होते?’ १९ फेब्रुवारी २०२३ रोजी किल्ल्यातील दिवाण-ए-आममध्ये शिवजयंतीचा सोहळा झाला आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्यास हजेरी लावली. मोठ्या समारंभास मोठे प्रांगण लागते, ही सोय समजण्यासारखी आहे. ज्या राजवाड्यात अवमान झाला तेथेच जयघोष व्हावा, ही भावनाही समजण्यासारखी आहे. परंतु सोहळ्याचे दालन आणि घटनेचे दालन एकच, असा समज त्यातून रूढ होण्याचा संभव आहे. समारंभाने स्मृती जागी राहते. ती अचूक ठेवण्याचे काम मात्र अध्यापकाचे आहे. विद्यार्थ्यांना दिवाण-ए-आममधून मच्छी भवनाच्या बाजूने वर नेऊन, ‘येथपर्यंत येण्यास उशीर झाला आणि म्हणून भेट येथे झाली’ असे सांगितले, तर त्यांच्या अभिमानात काहीही उणे होणार नाही. उलट त्याला पायाखालची जमीन मिळेल.

याच संदर्भात आणखी एक विस्मरण नोंदवले पाहिजे. १७८५ मध्ये महादजी शिंदे यांनी आग्र्याचा किल्ला घेतला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकेपर्यंत तो शिंद्यांकडे राहिला. म्हणजे जेथे मराठा राजाला रांगेत उभे केले गेले, तो राजवाडा पुढे सुमारे अठरा वर्षे मराठ्यांच्याच ताब्यात होता. तरीही मराठी मनातील आग्रा म्हणजे १६६६ चे तीन-चार महिने. सुटकेची कथा इतकी प्रभावी ठरली की, ताब्याची कथा सांगावयास कोणी उरले नाही. ज्या समाजाने एखादे ठिकाण केवळ निसटण्याचे ठिकाण म्हणून लक्षात ठेवले, त्याला तेथील आपल्या राज्यकारभाराचा, त्यातील बऱ्यावाईटाचा हिशेबही मांडता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी लेखनात १६६६ चा प्रसंग प्रामुख्याने ‘सुटका’ म्हणून रचला गेला. त्यामुळे ‘भेट’ आणि तिचे स्थळ दुय्यम ठरले आणि दरबाराचे दालन, छावणीचा मुक्काम व कैद यांची सरमिसळ झाली.

२) सभासदाच्या बखरीतील ‘दिल्ली’ ही स्थलदृष्ट्या चूक असली, तरी ती सत्तेकडे पाहण्याच्या मराठी दृष्टीची निदर्शक आहे. जिंजीच्या परिस्थितीत तिचे प्रयोजन समजते.

३) जयपूरची पत्रे आणि भूषणाचा ‘गुसलखाना’ ही भिन्न प्रकारची साधने दिवाण-ए-खासकडे निर्देश करतात. दालन निश्चित झाले की पाठ फिरवणे, बसणे आणि खिलत नाकारणे या कृतींचा खरा अर्थ स्पष्ट होतो.

४) जनान्यातील स्त्रियांचे चित्रण दंतकथेपासून सोडवून राजकारणाच्या संदर्भात पुन्हा करण्याची आवश्यकता आहे.

५) शैक्षणिक सहलींचे नियोजन करताना भाषा व इतिहास विभागांनी एकत्र येऊन बखर, पत्र व काव्य यांतील उताऱ्यांचे वाचन प्रत्यक्ष स्थळी घडवून आणणे उपयुक्त ठरेल.

पराक्रमाच्या कथेला तपशिलाची भीती वाटण्याचे कारण नाही. कट्यारीची गोष्ट ऐकून मुलाचा ऊर भरून येतो, हे खरे. परंतु शस्त्रास हात न घालता, एका लहानशा संगमरवरी दालनात, साम्राज्यातील सर्वांत बलाढ्य माणसाच्या डोळ्यांदेखत जो मनुष्य पाठ फिरवून बसला, त्याचे धैर्य कट्यारीहून कमी धारदार नव्हते. मराठी लेखनाने त्या दालनात वाचकाला अद्याप पुरतेपणी उभे केलेले नाही. ते काम पुढील लेखकांसाठी व अभ्यासकांसाठी शिल्लक आहे.